टॉनिकच्या आधी ठाण पाहावे

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्या अश्वपरीक्षेविषयी एक कथा मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. एका सौदागराने दोन उमदे घोडे विक्रीस आणले. राणीसाहेबांनी दोहोंवर रपेट केली आणि एकाचे मोल हजार रुपये, तर दुसऱ्याचे अवघे पन्नास रुपये ठरवले. दिसण्यात दुसरा घोडा पहिल्याहून उणा नव्हता; परंतु त्याच्या छातीत दोष आहे, हे त्यांनी त्याच्या चालीवरून ओळखले होते. ही कथा जशीच्या तशी घडली की नाही, हा इतिहासकारांचा विषय आहे. अश्वपालकाला तिच्यातील बोध पुरेसा आहे. घोड्याची तकाकी ही त्याच्या प्रकृतीची साक्ष नसते आणि दोष नेमका कोठे आहे हे कळल्यावाचून त्यावरचा उपाय ठरवता येत नाही.

आज त्याच झाशीत आणि भोवतालच्या बुंदेलखंडात घोडे निराळ्या कामांवर आहेत. लग्नसराईत वरातीपुढे नाचवल्या जाणाऱ्या घोड्या आहेत, टांग्याला व वीटभट्टीच्या गाड्यांना जुंपलेली जनावरे आहेत, हौसेने आणि प्रदर्शनासाठी सांभाळलेले मारवाडी घोडे आहेत. महाराष्ट्रात पुण्या-मुंबईच्या शर्यतींत धावणारे थरोब्रेड, सारंगखेड्याच्या यात्रेत येणारे नाचाचे व चालीचे घोडे आणि दख्खनचा काटक भीमथडी आहे. कामे भिन्न असली तरी या सर्व पागांत एक सवय समान दिसते. घोडा लवकर दमू लागला, अंगावरची चमक गेली, तोबरा अर्धा राहू लागला, की मोतद्दारापासून मालकापर्यंत सर्वांचे निदान एकच असते: रक्त कमी झाले. आणि उपायही एकच असतो: लोह, जीवनसत्त्व बी-१२ आणि यकृताचा अर्क यांचे मिश्रण असलेली बाटली चंदीत ओतणे किंवा तेच औषध सुईने टोचणे.

या सवयीचा गंभीरपणे पुनर्विचार व्हावयास हवा. घोड्यामध्ये केवळ आहारातील लोहाच्या अभावाने होणारा रक्तक्षय अत्यंत विरळा आहे. आपल्या हवामानात घोड्याचे रक्त घटते तेव्हा त्याचे कारण बहुधा गोचीड, चावऱ्या माश्या, त्यांनी वाहून आणलेले परजीवी, पोटातील जंत किंवा एखादी जुनी दाहक व्याधी हे असते. अशा वेळी लोहाची बाटली कारणावर पडदा टाकते, उपचाराचा मोलाचा काळ वाया घालवते आणि काही प्रसंगी स्वतःच नवे दुखणे निर्माण करते.

लोहाची गरज आणि चाऱ्यातील पुरवठा

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घोड्यांच्या पोषणविषयक शिफारशी जगभर प्रमाण मानल्या जातात. त्यांनुसार प्रौढ घोड्याच्या आहारात प्रति किलो शुष्क पदार्थामागे ४० मिलिग्रॅम लोह पुरते; वाढती शिंगरे, गाभण व दुभत्या घोड्या यांच्यासाठी हे प्रमाण ५० मिलिग्रॅम आहे. ५०० किलो वजनाचा घोडा दिवसाकाठी सुमारे १० किलो शुष्क पदार्थ खातो, असे धरले तर त्याची गरज ४०० मिलिग्रॅमच्या आसपास येते. सर्वसाधारण गवतात व वाळल्या चाऱ्यात प्रति किलो १०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. चाऱ्यात मध्यम म्हणजे १५० मिलिग्रॅम लोह धरले, तरी त्या घोड्याच्या पोटात रोज १,५०० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या जवळजवळ चौपट लोह जाते. चंदीतील हरभरा, सातू, गव्हाचा कोंडा यांतील लोह याखेरीज असते.

बुंदेलखंडात यात आणखी एक भर पडते. येथील राकड व पडुआ या तांबड्या जमिनींचा रंगच लोहाच्या ऑक्साइडांमुळे आलेला आहे. कापणीच्या वेळी चाऱ्यावर बसलेली धूळ आणि चरताना गवताबरोबर उपटलेली माती यांवाटे घोड्याच्या पोटात जाणारे लोह वाढते. कोकणातील जांभा दगडाच्या प्रदेशालाही हेच लागू पडते. मातीतील सारेच लोह शरीरात शोषले जात नाही, हे खरे. परंतु अशा प्रदेशातील चारा खाणाऱ्या जनावराला लोहाचे दुर्भिक्ष असेल, असे मानण्यास आधार उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शरीरात गेलेले जादा लोह बाहेर टाकण्याची परिणामकारक व्यवस्था घोड्याला नाही. आतड्यातून किती लोह आत घ्यावयाचे, एवढेच नियंत्रण त्याच्या हाती असते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक तो दरवाजा उघडझाप करते. साठा पुरेसा असेल तर दरवाजा बंद होतो. तोंडावाटे सतत मोठ्या मात्रा दिल्या तर थोडेथोडे लोह आत शिरतच राहते. आणि इंजेक्शनाने दिलेले लोह तर या पहाऱ्याला वळसा घालूनच रक्तात उतरते. आत गेलेले हे लोह मुख्यतः यकृतात साठते.

रक्त घटणे आणि लोह घटणे

सर्वसामान्य समजुतीत रक्तक्षय आणि लोहाची कमतरता हे समानार्थी शब्द झाले आहेत. माणसांच्या आरोग्यमोहिमांतून लोहाच्या गोळ्यांचा प्रसार झाला, तेव्हापासून ही समजूत घराघरांत रुजली आणि तेथून ती तबेल्यातही पोहोचली. घोड्याच्या बाबतीत मात्र या दोन गोष्टी वेगळ्या करणे अगत्याचे आहे.

थायलेरिया इक्वी हा आदिजीव घोड्याच्या तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन मोकळे होते, घोडा निस्तेज होतो, डोळ्यांची व हिरड्यांची अंतस्त्वचा फिकट किंवा पिवळसर दिसू लागते. पण फुटलेल्या पेशींतील बहुतांश लोह शरीराबाहेर जात नाही. प्लीहा आणि यकृत यांतील पेशी ते गोळा करून पुन्हा साठवतात. म्हणजे रक्त घटलेले असते आणि लोहाचे कोठार मात्र भरलेले असते. अशा जनावराला लोह पाजणे म्हणजे छप्पर गळत असताना कोठारात धान्याची पोती रचण्यासारखे आहे.

दीर्घकाळ चालणारा ज्वर, जखम, फुप्फुसाचा किंवा सांध्याचा दाह अशा अवस्थांत हेप्सिडिन वाढते आणि शरीर स्वतःच लोह कुलूपबंद करून ठेवते. जंतूंना लोह मिळू नये, ही त्यामागची नैसर्गिक योजना असते. त्या काळात रक्तद्रवातील लोह कमी भरते आणि केवळ तेवढ्यावरून ‘लोह कमी’ असा अहवाल हाती येऊ शकतो. म्हणूनच लोहाच्या अभावाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी साठ्याची खूण असलेले फेरिटिन, तांबड्या पेशींचा आकार आणि दाहाची अन्य लक्षणे एकत्र पाहावी लागतात.

घोड्याच्या रक्ताचे मोजमापही इतर जनावरांइतके सरळ नसते. त्याची प्लीहा मोठी असून तांबड्या पेशींचा मोठा हिस्सा, सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहूनही अधिक, तेथे राखीव असतो. विश्रांतीच्या वेळी रक्तातील पेशींचे प्रमाण सुमारे ३२ ते ४५ टक्के असते. वेगाने धावताना प्लीहा आकुंचन पावते आणि हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या पलीकडे जाते. रक्त घेताना घोडा बिथरला तरी आकडा वाढतो. शांत, थंड रक्ताच्या घोड्यात तो जरा कमीच दिसतो. त्यामुळे एका तपासणीतील किंचित कमी आकड्यावरून बाटली उघडणे शास्त्राला धरून नाही. शिवाय अधिक तांबड्या पेशी म्हणजे अधिक वेग, हे समीकरणही खरे नाही. स्वीडनमधील ट्रॉटर घोड्यांवर १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत, पेशींचे प्रमाण फाजील वाढलेल्या घोड्यांची कामगिरी खालावल्याचे आढळले होते.

दोषाचे मूळ ठाणावर

घोड्याच्या रक्तक्षयाचा इतिहास कीटकशास्त्राशी फार जवळून जोडलेला आहे आणि त्यातील एक मोलाचे पान भारतीय उपखंडातच लिहिले गेले. १८८० मध्ये तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने सर्रा रोगाने ग्रासलेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्मजीव पाहिला. आज तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या नावाने ओळखला जातो. आपल्या वर्गातील रोगकारक म्हणून सिद्ध झालेला तो पहिलाच जीव होय. पुढे १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी भारतातच, टॅबॅनस गटातील मोठ्या चावऱ्या माश्या हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, हे प्रयोगाने दाखवले.

या माशीची मादी रक्त पिते. तिचा चावा वेदनादायक असल्यामुळे घोडा शेपूट झटकतो, पाय आपटतो. माशी अर्धपोटी उडते आणि शेजारच्या घोड्यावर जाऊन बसते. तिच्या तोंडाच्या अवयवांना लागलेले रक्त तसेच नव्या घोड्याच्या शरीरात शिरते. तबेल्यात पायांना चावणारी लहान माशीही याच रीतीने सर्रा पसरवू शकते. दोन घोड्यांत सुमारे ५० मीटर अंतर असेल तर अर्धपोटी माशी दूरच्या घोड्याकडे जाण्यापेक्षा पहिल्याकडेच परतणे पसंत करते, असे निरीक्षण आहे. आजारी घोडा वेगळा बांधण्याच्या जुन्या प्रथेमागे असा पक्का आधार आहे.

सर्रा झालेल्या घोड्याचा ताप चढतो आणि उतरतो. ताप उतरला की घोडा काही दिवस बरा दिसतो, मग पुन्हा खंगू लागतो. पोटाखाली व पायांवर सूज येते, खाणे सुरू असतानाही अंग झडते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत, तलाव-तळ्यांच्या काठच्या ओल्या मातीतून या माश्या मोठ्या संख्येने बाहेर पडतात तेव्हा, अशा लक्षणांकडे विशेष संशयाने पाहिले पाहिजे. वेळेवर निदान झाले नाही तर घोड्यात हा रोग बहुधा प्राणघातक ठरतो.

थायलेरियाचा प्रसार गोचीड करतो. आपल्याकडे हायलोमा वंशाचा गोचीड यासाठी प्रामुख्याने ओळखला जातो. त्याची एक जात घराघरांतील गोठ्यांना इतकी सरावली आहे, की तिचे बरेच आयुष्य भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांध्यांत आणि दगडी फरशीच्या फटींत जाते. रक्त पिऊन फुगलेली मादी अशा फटीत शिरून हजारो अंडी घालते. त्यामुळे घोड्याच्या अंगावरचे गोचीड काढले आणि भिंती तशाच ठेवल्या, तर काम अर्धेच होते. एकदा थायलेरियाची लागण झालेला घोडा बरा दिसू लागला तरी अनेकदा आयुष्यभर वाहक राहतो. लांबचा प्रवास, लग्नसराईची जागरणे, शर्यतीचा सराव, झाशीचा ४५ अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा अशा ताणाखाली दबलेला रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. मालकाला मात्र तो ‘अशक्तपणा’ वाटतो आणि टॉनिकची नवी बाटली येते.

येथे सुईचा प्रश्न उपस्थित होतो. सर्रा, थायलेरिया आणि घोड्याचा विषाणूजन्य संसर्गी रक्तक्षय हे तिन्ही रोग दूषित सुईवाटे एका घोड्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. एकाच सुईने ओळीने चार घोड्यांना ‘ताकदीचे’ इंजेक्शन देणारी व्यक्ती नकळत माशीचेच काम करत असते. रक्त वाढवण्यासाठी टोचलेली सुई रक्त नासवणारा रोग देऊन जावी, यापरते दुर्दैव नाही.

अतिरेकाची किंमत

‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर देणाऱ्या घटना उपलब्ध आहेत. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत नवजात शिंगरांना पचन सुधारण्यासाठी म्हणून फेरस फ्युमरेट असलेले एक मिश्रण तोंडावाटे दिले गेले. आयुष्याच्या पहिल्या दिवसांत लोहाचे शोषण अतिशय वेगाने होते. त्या शिंगरांची यकृते निकामी झाली आणि अनेक दगावली. २०१९ मध्ये नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात २१ घोडे व एक गाढव यांच्या यकृताच्या जुनाट विकाराची नोंद आहे. लोहाचे प्रमाण फार असलेले पाणी दीर्घकाळ पिण्यात आल्याने त्यांच्या शरीरात लोह साठत गेले होते. ज्या भागात विंधन विहिरीचे पाणी उघड्यावर ठेवल्यावर तांबूस होते, तेथील अश्वपालकांनी हा अहवाल विशेष लक्षात घ्यावा.

जीवनसत्त्वे व खनिजे यांच्या इंजेक्शनांविषयीचा सर्वांत करुण धडा एप्रिल २००९ मधील आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात वेलिंग्टन येथे एका मोठ्या पोलो स्पर्धेसाठी आलेल्या संघाचे २१ घोडे काही तासांच्या अवधीत मृत्युमुखी पडले. त्यांना थकवा भरून काढण्यासाठी जीवनसत्त्व बी-१२, पोटॅशियम, मॅग्नेशियम व सेलेनियम यांचे मिश्रण टोचले होते आणि ते तयार करताना एका घटकाचे प्रमाण चुकले होते. तपासणीत मृत घोड्यांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण घातक आढळले. सेलेनियमची गरज प्रति किलो शुष्क आहारामागे अवघी ०.१ मिलिग्रॅम आहे. गरज आणि विष यांच्यामधील अंतर फार थोडे असलेले ते खनिज आहे. जगातील उत्तम निगराणीखालचे घोडे अशा चुकीतून वाचले नाहीत, तर लेबल न वाचता दिलेल्या मिश्रणांची खात्री कोण देणार?

गाई-म्हशींसाठी तयार केलेली मिश्रणे घोड्याला देण्याचा प्रघात तर अधिकच धोक्याचा आहे. गोवंशाच्या व कोंबड्यांच्या काही खाद्यांत असणारे मोनेन्सिन हे द्रव्य घोड्याला अत्यल्प मात्रेतही प्राणघातक असते. गोचिडांसाठी गुरांवर सर्रास वापरले जाणारे अमिट्राझ घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावून जीवघेणी पोटशूळ उत्पन्न करू शकते. गुराला चालते ते घोड्याला चालते, हा समज प्रत्येक पागेतून हद्दपार झाला पाहिजे.

जीवनसत्त्वे गवतात, उणीव अन्यत्र

जीवनसत्त्वांच्या बाबतीत निसर्गाने घोड्याला बरेच स्वावलंबी केले आहे. जीवनसत्त्व क तो आपल्या यकृतातच तयार करतो. ब गटातील जीवनसत्त्वे त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव बनवतात. पुरेसा चारा हीच त्या सूक्ष्मजीवांची मजुरी. उन्हात फिरणाऱ्या घोड्याला जीवनसत्त्व डची चिंता नसते आणि हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ मिळते. बी-१२ च्या रेणूत कोबाल्ट असते, हेही स्पर्धेच्या घोड्यांच्या मालकांनी ध्यानात ठेवावे. शर्यत नियामकांनी घोड्याच्या शरीरातील कोबाल्टला मर्यादा घातलेली आहे.

खरी उणीव कोठे येते? पहिली जीवनसत्त्व ईची. हिरव्या गवतात ते मुबलक असते. चारा वाळवताना व साठवताना झपाट्याने घटते. कठोर मेहनत करणाऱ्या ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे १,००० आंतरराष्ट्रीय एकक ई लागते. उन्हाळाभर केवळ भुसा व कोंडा यांवर असलेल्या घोड्याला ते मिळत नाही. दुसरी उणीव साध्या मिठाची. भर उन्हात कसून काम करणारा घोडा तासाला १० लिटरपर्यंत घाम गाळू शकतो आणि प्रत्येक लिटरमागे सोडियम व क्लोराइड मिळून सुमारे ८ ग्रॅम क्षार जातात. दमलेल्या घोड्यापुढे टॉनिक ठेवले जाते, परंतु मिठाचा खडा मात्र ठेवलेला नसतो, असे चित्र अनेक ठाणांवर दिसते.

तिसरी उणीव कॅल्शियमची, आणि ती चारा संशोधनाशी थेट निगडित आहे. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस सुमारे आठ-दहा पट असतो. अंजन, सेटारिया, संकरित नेपिअर यांसारख्या उष्ण प्रदेशातील गवतांत ऑक्झॅलेट असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. गाईच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव ऑक्झॅलेट फोडतात, म्हणून गुरांसाठी ही गवते उत्तम आहेत. घोड्याच्या लहान आतड्यात कॅल्शियम शोषले जाते त्या टप्प्यावर असे साहाय्यक नसतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९७० च्या दशकात अशा कुरणांवर चरणाऱ्या घोड्यांची हाडे ठिसूळ होऊन जबडे सुजल्याचे नोंदवले गेले. एकाच गवतावर घोडा न ठेवता त्याला लसूणघास किंवा बरसीमची जोड देणे, हा यावरील सोपा मार्ग आहे. झाशी येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेने विकसित केलेले ओट व बरसीमचे वाण रब्बीत बुंदेलखंडातील शेतकऱ्यांच्या हाती आहेत. बुंदेल जईचा एक वाफा आणि बरसीमचा दुसरा, एवढी तजवीज घोड्याच्या कितीतरी बाटल्या वाचवू शकते.

मालकांचा आक्षेप

अनुभवी अश्वपालक म्हणतात, टॉनिकने फरक पडलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांचे निरीक्षण खोटे नसते; त्याचा अर्थ मात्र तपासावा लागतो. सर्रा व थायलेरिया यांत ताप व अशक्तपणा यांच्या लाटा येतात आणि ओसरतात. लाटेच्या शिखरावर बाटली आणली जाते आणि लाट ओसरली की यश बाटलीच्या पदरात पडते. त्याच काळात घोड्याला विश्रांती, गूळ, अधिक चंदी आणि मोतद्दाराचे अधिक लक्ष मिळालेले असते, हेही विसरता कामा नये. पुढची लाट येते तेव्हा मालक तीच बाटली अधिक मात्रेत देतो आणि रोग तेवढाच पुढे सरकलेला असतो.

लोहाला कधीच स्थान नाही, असेही नाही. जंतांचा मोठा प्रादुर्भाव, जठरातील व्रण किंवा जखम यांमुळे दीर्घकाळ रक्त बाहेर जात असेल. अथवा शिंगरू माती व गवत यांचा स्पर्श न होता केवळ दुधावर बंदिस्त वाढत असेल, तर लोह खरोखर घटू शकते. मात्र तेथेही रक्तस्राव थांबवणे हा पहिला उपचार असतो आणि लोहाची मात्रा तपासणीनंतर पशुवैद्यकानेच ठरवावी लागते.

कर्तव्ये: पागेची आणि संस्थांची

पागेपुरते पाहिले तर करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. खरारा करताना आठवड्यातून किमान दोनदा कानांच्या आत, आयाळीच्या मुळाशी, जबड्याखाली, मागील मांड्यांच्या मध्ये आणि शेपटीच्या बुंध्याशी गोचीड शोधावेत. ते बोटांनी चिरडू नयेत. २०११ मध्ये गुजरातेत माणसांत आढळलेला क्रायमियन-काँगो ताप हायलोमा गोचिडांमार्फतच पसरतो, हे स्मरणात असावे. भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. लीद आणि मूत्राने भिजलेले अंथरूण रोज उचलावे. तबेल्यातील चावरी माशी अशाच कुजणाऱ्या काडीकचऱ्यात वाढते आणि उष्ण हवेत तिची नवी पिढी तीन-चार आठवड्यांत तयार होते. नवा घोडा इतरांत बांधण्यापूर्वी वेगळा ठेवून त्याचे रक्त तपासावे. प्रत्येक घोड्यासाठी नवी सुई वापरावी. कीटकनाशक आणि जंतनाशक घोड्यासाठी सुरक्षित असल्याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी.

संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र १९८५ पासून कार्यरत असून अश्वरोगांच्या निदानचाचण्यांवर तेथे मोलाचे काम झाले आहे. झाशीत चारा संशोधन संस्था आहे. २०१४ मध्ये स्थापन झालेले राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. ज्ञान एकाच शहराच्या आसपास उपलब्ध असताना वरातीच्या घोडीचा मालक मात्र औषधदुकानाच्या फळीवरून निदान विकत घेतो, ही विसंगती दूर होणे आवश्यक आहे. लग्नसराईपूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोन रक्ततपासणी शिबिरे, गोचिडांच्या व माश्यांच्या हंगामाची पूर्वसूचना देणारे पत्रक, चारा व पाणी यांतील लोहाची तपासणी, इतके जरी संयुक्तपणे हाती घेतले तरी मोठा पल्ला गाठता येईल. घोड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पूरक खाद्यावर लोह, सेलेनियम व तांबे यांचे नेमके मिलिग्रॅम आणि ते कोणत्या जनावरासाठी आहे, हे मालकाला वाचता येईल अशा भाषेत छापणे बंधनकारक व्हावे.

या प्रश्नात पणाला लागलेली गोष्ट लहान नाही. वरातीच्या एका घोडीवर किंवा टांग्याच्या एका घोड्यावर अख्ख्या कुटुंबाची चूल पेटते. निदान न झालेला एक वाहक घोडा साऱ्या वस्तीतील जनावरांना रोग देऊ शकतो. त्या कुटुंबाने महिन्याकाठी टॉनिकवर घातलेला पैसा काचेच्या पट्टीवरच्या रक्ताच्या एका थेंबाच्या तपासणीवर, चार पाट्या चुन्यावर आणि हिरव्या चाऱ्याच्या एका भाऱ्यावर खर्च झाला, तर घोडा अधिक काळ आणि अधिक सुखाने काम करील.